सेंद्रिय दूध की नेहमीचं दूध? हिशोब लिटरचा नको, वेताचा करा

दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, पावती हातात येते आणि पेंडीच्या दुकानाची उधारी वजा केल्यावर किती उरतं हे गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच मोबाईलवर पुढचा व्हिडिओ येतो : ‘सेंद्रिय दूध विका, लिटरला १०० रुपये मिळवा.’ संगमनेर, राहाता, पारनेर, अकोले या दुधाच्या पट्ट्यात हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत चर्चेला आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, इंजेक्शनं सगळं बंद करून सेंद्रियकडे वळायचं का? त्यात पैसे खरंच सुटतात का?

थोडक्यात सांगायचं तर सुटतात, पण ते बहुतेक वेळा सेंद्रियमुळे नाही, तर दूध स्वतः विकल्यामुळे सुटतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरचे पैसे जातात. म्हणून खाली पूर्ण हिशोब मांडला आहे.

केंद्रावरच्या यंत्राला सेंद्रिय कळत नाही

गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पॉइंटला कपात. संकलन केंद्रावरचं यंत्र फॅट, एसएनएफ आणि पाणी दाखवतं. गायीने सेंद्रिय लसूणघास खाल्ला की युरिया टाकलेला मका, हे ते सांगत नाही. त्यामुळे सेंद्रिय दूध नेहमीच्या केंद्रावर घातलं तर नेहमीचाच दर मिळतो.

तो दरही हलता. जुलै २०२३ मध्ये सरकारने किमान ३४ रुपये जाहीर केले, काही महिन्यांत दर २७ च्या आसपास आला. मग जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान, ऑक्टोबर २०२४ पासून ७ रुपये. तेही ठराविक काळापुरतं, कानात टॅग असलेल्या जनावरांसाठी आणि सहकारी संघाला किंवा खासगी डेअरीला घातलेल्या दुधासाठी. घरोघरी रतीब घालणाऱ्याला ते मिळालं नाही.

सेंद्रिय म्हणजे नुसतं औषध न फवारणं नव्हे

‘आमच्या गायी सेंद्रियच आहेत, आम्ही घरचंच खायला घालतो’ असं सांगणारे खूप भेटतात. पण राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम त्याहून कडक आहेत आणि त्यातला पहिला फटका सरकी पेंडीला बसतो. जनुक बदललेल्या पिकाचा चारा किंवा पेंड सेंद्रिय गोठ्यात चालत नाही. आपल्याकडे २००२ पासून बीटी कापूस आहे आणि आज शेतात दिसणारा कापूस जवळपास सगळा बीटीच. म्हणजे बाजारातली सरकी पेंड बाद. फॅट टिकवायला आपण सगळे तिच्यावरच विसंबून असतो, त्यामुळे हा बदल वाटतो तितका सोपा नाही. तिच्या जागी सेंद्रिय शेतातला मका भरडा, तूर आणि हरभऱ्याची चुनी, शेंगदाणा पेंड यांची जुळवाजुळव करावी लागते, आणि हा माल तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही.

दुसरं म्हणजे युरिया. वाळलेल्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया करून तिचा कस वाढवायची पद्धत कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं शिकवत आली. सेंद्रियमध्ये ती बंद. दूध वाढवायला किंवा माजावर आणायला हार्मोन चालत नाहीत, भ्रूण प्रत्यारोपण चालत नाही. कृत्रिम रेतन मात्र चालतं. आजारी जनावराला अँटिबायोटिक देऊच नये असा नियम नाही, तसं करणं क्रूरपणा ठरेल. ते दिलं तर औषधाच्या नेहमीच्या मुदतीपेक्षा दुप्पट काळ दूध बाजूला काढावं लागतं. लसीकरण करायलाच हवं, लाळ्या-खुरकूत काय किंवा लम्पी काय, सेंद्रियच्या नावाखाली लस चुकवू नका.

आणि जमीन. चारा ज्या रानात पिकतो ते रान सेंद्रिय ठरायला हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, तर बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं लागतात. नेपियर आणि लसूणघास दोन्ही बहुवार्षिक. या काळात खर्च सेंद्रियचा असतो, पण दुधावर सेंद्रियचा शिक्का मारता येत नाही. बरेच जण इथेच दमतात.

एका गायीचा, एका वेताचा हिशोब

लिटरमागे खर्च काढला की भाकड काळ विसरला जातो. गाय आटल्यावरही खातेच. म्हणून हिशोब एका वेताचा करू : ३०० दिवस दूध, १०० दिवस भाकड, एकूण ४०० दिवस. खालचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. घरच्या माणसांची मजुरी आणि गायीची किंमत दोन्हीकडे धरलेली नाही.

आधी नेहमीची एचएफ संकरित गाय, सरासरी १३ लिटर. दुधात असताना रोज २५ किलो हिरवी वैरण ३ रुपयांनी ७५, ५ किलो कडबा ७ रुपयांनी ३५, ६ किलो पेंड ३२ रुपयांनी १९२, खनिज मिश्रण ८. रोजचे ३१० रुपये, ३०० दिवसांचे ९३,०००. भाकड काळात पेंड दीड किलोवर आणली आणि हिरवी वैरण २० किलो केली तरी रोजचे १४३, म्हणजे १४,३००. डॉक्टर, औषध, रेतन मिळून ६,०००. वीज, पाणी, किरकोळ ३,०००. एकूण १,१६,३०० रुपये.

दूध ३,९०० लिटर. केंद्रावर ३२ रुपये मिळाले तर १,२४,८००. हातात उरले ८,५०० रुपये. तेरा महिने पहाटे उठून एका गायीमागे एवढेच. शेणाचा हिशोब वेगळा. दिवसाला १५ किलो शेण धरलं तरी वेतात ६ टन ताजं शेण होतं, आणि खरं सांगायचं तर कित्येक गोठे आज शेणखतावरच तग धरून आहेत.

आता तीच गाय सेंद्रिय पद्धतीने. पेंड ४ किलोवर आली, पण सेंद्रिय भरडा-चुनी ४५ रुपये किलो धरू, म्हणजे १८०. हिरवी वैरण ३० किलो, साडेतीन रुपयांनी १०५. कडबा ४०, खनिज ८. रोजचे ३३३, ३०० दिवसांचे ९९,९००. भाकड काळाचे १५,५००. औषधपाणी थोडं कमी, ४,५००. किरकोळ ३,०००. दाखला, नोंदी, तपासण्या यांचा गायीमागे वाटा ३,०००. एकूण १,२५,९००. पेंड कमी झाल्यामुळे दूध सरासरी १० लिटरवर येईल असं धरलं, म्हणजे वेतात ३,००० लिटर. लिटरला ४२ रुपये खर्च.

हे दूध ३२ रुपयांनी केंद्रावर घातलं तर गायीमागे २९,९०० रुपये खड्डा. पाच गायी असतील तर दीड लाख. व्हिडिओत हा आकडा कुणी सांगत नाही.

रतीब घातला आणि ग्राहकाने ६० रुपये दिले तर? पेट्रोल, बाटल्या, पोराचा पगार, बुडीत पैसे यात लिटरला ८ रुपये जातात असं धरू. हातात ५२. मग गायीमागे ३०,१०० रुपये उरतात. नेहमीच्या गोठ्याच्या साडेतीनपट. चांगलं वाटतं. पण दुधातलं अर्धंच रतिबाला गेलं आणि अर्धं केंद्रावर, तर सरासरी दर ४२ रुपये पडतो आणि वेताअखेर हातात राहतात १०० रुपये. नेहमीच्या गोठ्याएवढं तरी मिळवायचं तर तीन लिटरातले जवळपास दोन लिटर रतिबाला जायला हवेत, तेही वर्षभर.

खरी कमाई कशातून आली?

आता हाच हिशोब तिसऱ्या पद्धतीने करून बघा. गाय नेहमीचीच, १३ लिटरची, सरकी पेंड खाणारी. फक्त दूध केंद्रावर न घालता ५० रुपयांनी रतिबाला. खर्च काढून हातात ४२ रुपये लिटर. ३,९०० लिटरचे १,६३,८०० रुपये, खर्च १,१६,३०० वजा, उरले ४७,५००. सेंद्रिय रतिबापेक्षा १७ हजारांनी जास्त!

म्हणजे सेंद्रिय दूधवाल्याला नेहमीच्या रतीबवाल्याची बरोबरी करायची तर ६० नाही, ६६ रुपये दर हवा. आपल्या गिऱ्हाइकाला ५० ऐवजी ६६ रुपये द्यायला लावेल असा विश्वास तुमच्याकडे आहे का, सेंद्रियचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. पुणे, नाशिक, शिर्डी यांसारख्या गावांच्या जवळ असाल तर असा ग्राहक सापडू शकतो. डोंगरकडेच्या वाडीत, जिथे प्रत्येक घरी स्वतःची गाय आहे, तिथे कोण घेणार?

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या तिपटूरला २०१० मध्ये सुरू झालेली ‘अक्षयकल्प’ ही कंपनी शेतकऱ्यांकडून सेंद्रिय दूध घेऊन विकते, आणि तिचं पहिलं आणि मोठं गिऱ्हाईक बेंगळुरू शहर. शहर, थंड ठेवणारी गाडी आणि चाऱ्यासाठी स्वतःचं रान या तीन गोष्टी असल्या तर गाडं चालतं.

चाऱ्याचं महत्त्व आकड्यातही दिसतं. वरच्या सेंद्रिय हिशोबात भरडा-चुनी ४५ ऐवजी घरच्या रानातली ३५ रुपयांत पडली, तर वेताला १३,००० रुपये वाचतात आणि ६० रुपयांच्या रतिबात ३०,१०० चे ४३,१०० होतात. विकतच्या सेंद्रिय खाद्यावर सेंद्रिय गोठा चालवणं मात्र जवळजवळ अशक्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच गायींना किमान दोन एकर बागायत चाऱ्यासाठी मोकळं नसेल तर या वाटेला जाऊ नये.

दाखला कुठला, लागतो कधी?

दोन रस्ते आहेत. एक, ‘अपेडा’मार्फत चालणारा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते, फी लागते, नोंदवह्या काटेकोर ठेवाव्या लागतात. माल परदेशी पाठवायचा तर हाच रस्ता. दुसरा, केंद्रीय कृषी मंत्रालयाचा पीजीएस-इंडिया. यात जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट होतो आणि गटातलेच एकमेकांची शेती तपासतात. खर्च फार कमी. मात्र गटातल्या एकाने रात्री गुपचूप युरिया टाकला तर सगळ्यांचं नाव जातं, तेव्हा माणसं निवडताना नातं बघू नका.

पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहून दुकानात माल ठेवायचा तर यांपैकी एक दाखला हवाच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. ‘जैविक भारत’ हे त्यांचं चिन्ह. त्याच नियमांत लहान शेतकऱ्याला एक सवलत आहे : वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल आणि माल स्वतः थेट ग्राहकाला विकत असाल तर दाखल्याची सक्ती नाही, मात्र ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटर दूध ६० रुपयांनी वर्षभर विकलं तर उलाढाल १० लाख ९५ हजार होते. म्हणजे चार-पाच गायींचा रतीबवाला या सवलतीत बसतो. सवलत दाखल्याची आहे, खोटं बोलण्याची नाही. आणि अन्न परवान्याची साधी नोंदणी रतीबवाल्याने करूनच घ्यावी. फक्त सहकारी संस्थेलाच दूध घालणाऱ्या सभासदाला ती वेगळी लागत नाही.

देशी, ए-२ आणि सेंद्रिय : तीन वेगळ्या गोष्टी

देशी ही जात झाली. ए-२ हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार. सेंद्रिय ही पाळायची पद्धत. अकोल्यातली डांगी गाय बाजारची बीटी सरकी खात असेल तर तिचं दूध देशी आहे, सेंद्रिय नाही. आणि एचएफ गाय नियमाने पाळली तर तिचं दूध सेंद्रिय ठरू शकतं. म्हशीचं दूध तर तसं पाहिलं ए-२ च असतं, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही! ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवरून ए-१, ए-२ चे दावे काढा असा आदेश २१ तारखेला काढला आणि २६ तारखेला मागे घेतला. पाच दिवसांत एवढा फिरणारा विषय आहे, त्यावर कर्ज काढून गोठा बांधू नये. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, तेव्हाचं दिवसाला ५० रुपये अनुदान गोशाळांसाठी आहे. आपल्या दावणीच्या गायीला ते मिळत नाही, हे विचारायला तालुक्याला हेलपाटा मारू नका.

सेंद्रिय असूनही दूध खराब असू शकतं

२०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात देशभरातून ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त १२. अँटिबायोटिकचा अंश मर्यादेबाहेर असलेले ७७. आणि अफलाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर असलेले ३६८. म्हणजे मोठा धोका आपण ज्याची रोज चर्चा करतो त्या भेसळीपेक्षा बुरशी लागलेल्या पेंडीचा आणि चाऱ्याचा निघाला. ही बुरशी सेंद्रिय शेंगदाणा पेंडीलाही लागते, सेंद्रिय मक्यालाही लागते. पावसाळ्यात पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा. काळा पडलेला कडबा आणि मूरघासाचा बुरशीचा थर गायीला न घालता उकिरड्यावर टाका. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन ग्राहकाच्या पोराच्या पोटात विष जातं.

मधला रस्ता

सेंद्रियचा शिक्का न घेताही त्यातल्या काही सवयी नेहमीच्या गोठ्याचा खर्च उतरवतात. पेंड ही सगळ्यात मोठी बाब, वरच्या हिशोबात ३१० पैकी १९२ रुपये तिचेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत नेपियर आणि आरएल-८८ लसूणघास यांची जोड लावली तर हिरव्यातूनच बरीच प्रथिनं जातात. रोज एक किलो पेंड दूध न घटता कमी झाली, तर वेताला ९,६०० रुपये वाचतात. म्हणजे केंद्राला दूध घालणाऱ्याची हातातली रक्कम दुपटीहून अधिक. पण एकदम कमी करू नका, आठवड्याला पाव किलो करा आणि पावतीवरचं दूध व एसएनएफ बघत राहा.

दगडीचंही तसंच. सड धुऊन कोरडा करणं, धारेनंतर सड औषधात बुडवणं, गायीला अर्धा तास बसू न देणं, एवढ्यानं खूप फरक पडतो. सुरुवातीच्या दगडीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप कासेला दिवसातून आठ-दहा वेळा लावता येतो. ताप असेल, दुधातून रक्त येत असेल तर लेपावर विसंबू नका, डॉक्टरांना बोलवा. आणि इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध घालायचं नाही हे त्यांना तोंडावर विचारून घ्या, ते आपणहून सांगतीलच असं नाही.

रतीब सुरू करायचा असेल तर

सगळं दूध एकदम केंद्रावरून काढू नका. आधी दहा लिटरचं गिऱ्हाईक बांधा, तेही शक्यतो दवाखाना, शाळेचे मास्तर, बँकेतली माणसं अशा महिन्याच्या महिन्याला पैसे देणाऱ्यांत. सेंद्रियचा शब्दही काढू नका. आधी वेळेवर आणि पाणी न घातलेलं दूध सहा महिने द्या. टिकलेल्या गिऱ्हाइकांना मग विचारा, सेंद्रिय खाद्यावर केलं तर १५ रुपये जास्त द्याल का? किती जण हो म्हणतात त्यावर किती गायी सेंद्रियकडे न्यायच्या ते ठरेल.

मे महिन्यात आणि दिवाळीत शहरातली कुटुंबं गावी जातात, रतीब आठ-पंधरा दिवस बंद होतात, गायी मात्र दूध देतच राहतात. त्या दिवसांत खवा आणि तुपाची सोय हवी, किंवा केंद्रावरचं खातं चालू हवं. म्हणून रोज संध्याकाळचं थोडं तरी दूध संस्थेला घालत राहा. वर्षभर तोंड न दाखवता ऐन दिवाळीत चाळीस लिटरचा कॅन घेऊन गेलात तर सचिव दारातूनच परत पाठवतो.